ईयोबाची भरपाई

१

ईयोबाच्या ग्रंथाशी आपला संबंध काय, असा प्रश्न काही मित्र विचारतील, आणि तो विचारण्याचा त्यांना अधिकार आहे. हा ग्रंथ हिब्रू भाषेतला, ज्यू लोकांचा, ख्रिस्ती माणसांच्या जुन्या करारात समाविष्ट झालेला. आपल्यापैकी अनेकांच्या घरांनी १९५६ साली ईश्वर आणि त्याची कृपा या दोहोंना एकदमच निरोप दिलेला आहे. मग देवाने एका भल्या माणसाचे सर्वस्व नेले आणि पुढे ते दुपटीने परत दिले, या जुन्या कथेची चिकित्सा आपण कशासाठी करायची? माझे उत्तर साधे आहे. नुकसानीची भरपाई झाली की दुःखाचा हिशेब मिटला, ही समजूत त्या ग्रंथापुरती राहत नाही. ती आपल्या वस्तीत राहते, तहसील कचेरीत राहते, आणि ज्याला आपण साहित्यकृतीचा मंगल शेवट म्हणतो त्यातही राहते. या समजुतीची झाडाझडती ज्या थोड्या प्राचीन ग्रंथांनी घेतली त्यांत ईयोबाचा ग्रंथ आहे. ती झाडाझडती जिथे अपुरी राहिली, ती जागाही याच ग्रंथात आहे.

दुसरे कारण व्यक्तिगत आहे. ते लपवून समीक्षा लिहिणे मला जमणार नाही. मी ऊसतोड कामगाराच्या घरात जन्मलो. आईवडिलांचा मिळून एक कोयता. नवराबायकोच्या जोडीला फडावर 'एक कोयता' म्हणतात. माणसांची मोजणी तिथे हत्याराने होते. माझ्या आधी मला एक बहीण होती. दीड वर्षांची असताना आईने तिला फडाच्या कडेला पाचटावर निजवले होते. ऊस भरण्यासाठी मागे घेतलेल्या ट्रॅक्टरखाली ती गेली. मुकादमाने त्या हंगामाची निम्मी उचल सोडून दिली आणि एक गाभण शेळी आमच्या दारात आणून बांधली. दोन वर्षांनी मी झालो. वस्तीतल्या बायका आईला म्हणाल्या, 'पोरगी नेली अन् पोरगा दिला. देवानं दुपटीनं फेडलं गं बाई.' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ते दुष्टपणाने कुणी म्हणत नसे. धीर देण्यासाठीच म्हणत.

कॉलेजच्या वसतिगृहात एका ख्रिस्ती मित्राच्या पेटीतले मराठी पवित्र शास्त्र हाती आले. ईयोबाच्या पहिल्याच ओळीत 'ऊस' नावाचा देश भेटला आणि मी दचकलो. हा ऊस म्हणजे आपला ऊस नव्हे हे लगेच कळले. अदोमाच्या किंवा अरबस्तानाच्या बाजूचा तो कुठलासा प्रदेश असावा, असे अभ्यासक मानतात. पण दचकलो म्हणून वाचत गेलो, आणि शेवटच्या अध्यायात ईयोबाला पुन्हा दहा लेकरे झाल्याचे वाचून पुस्तक मिटले. या ग्रंथाचा विचार आजवर बहुतेकांनी ईयोबाच्या जागी उभे राहून केला आहे. माझी जागा वेगळी होती. मी त्या दुसऱ्या दहांपैकी एक होतो.

२

प्रथम हिशेब पाहू, कारण ग्रंथकार स्वतः हिशेबाने बोलतो. ईयोब हा सात हजार मेंढरे, तीन हजार उंट, पाचशे जोड्या बैल आणि पाचशे गाढवी असलेला धनाढ्य माणूस. त्याला सात मुलगे आणि तीन मुली. स्वर्गातल्या दरबारात सैतान देवाला विचारतो, हा माणूस काय फुकट तुझी भक्ती करतो? या एका प्रश्नावर पैज लागते. एकाच दिवशी चार निरोपे येतात. शबाई लोकांनी बैल आणि गाढवी लुटल्या. आकाशातल्या अग्नीने मेंढरे जाळली. खास्दी टोळ्यांनी उंट नेले. आणि वावटळीने थोरल्या मुलाचे घर कोसळून त्यात जेवायला बसलेली दहाही लेकरे गेली. पुढे ईयोबाच्या अंगभर गळवे येतात आणि तो राखेत बसतो. तिथून मधला सारा ग्रंथ काव्यात आहे: ईयोबाचा आक्रोश, मित्रांचे उपदेश, आणि वावटळीतून बोलणारा देव. बेचाळिसाव्या अध्यायात पुन्हा गद्य येते आणि भरपाई होते. चौदा हजार मेंढरे, सहा हजार उंट, हजार जोड्या बैल, हजार गाढवी. सगळे बरोबर दुप्पट. लेकरे मात्र सात आणि तीन.

या ठिकाणी परंपरा अडखळते. जनावरे दुप्पट झाली, मग लेकरे दुप्पट का नाहीत? एक जुने उत्तर असे की, पहिली दहा परलोकात आहेतच, म्हणून दहा अधिक दहा अशी वीस झाली. अरामी भाषांतराने निराळी वाट काढली. मूळ हिब्रूत 'सात' या संख्येचे रूप जरा विचित्र आहे, त्याचा आधार घेऊन तिथे मुलगे चौदा केले आहेत. दोन्ही उत्तरांमागची तळमळ मला समजते, पण ग्रंथाचा आधार त्यांना नाही. चौदाव्या अध्यायात ईयोब स्पष्ट सांगतो की तोडलेल्या झाडाला पाण्याच्या वासाने पुन्हा धुमारे फुटतील, माणसाचे तसे नाही. तो निजतो आणि उठत नाही. ज्या ग्रंथाचा नायक हे बोलतो, त्या ग्रंथाच्या शेवटी परलोकाच्या खात्यावर दहा लेकरे जमा धरणे हा हिशेबातला फेरफार आहे. माझ्या मते ग्रंथकाराने हा आकडा जाणूनबुजून तसाच ठेवला. मेंढरांचा गुणाकार होतो, लेकरांचा होत नाही, हे त्याला ठाऊक होते.

आणखी एक गोष्ट त्याला ठाऊक असणार. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात कायदा आहे: चोरलेले जनावर जिवंत सापडले तर चोराने दुप्पट भरून द्यावे. दुप्पट हा बक्षिसाचा आकडा नव्हे, तो चोराच्या दंडाचा आकडा आहे. तो कायदा माहीत असलेल्या श्रोत्याला ईयोबाच्या दुप्पट मेंढरांत काय ऐकू आले असेल? ग्रंथ ते उघड म्हणत नाही. पण नातेवाईक सांत्वनाला आले ते परमेश्वराने त्याच्यावर आणलेल्या अरिष्टाबद्दल, असे निवेदक स्वतः लिहितो. आळ सैतानावर ढकलत नाही. आणि देवाच्या चार अध्यायांच्या भाषणात तारे आहेत, रानगाढव आहे, लिव्याथान आहे; पैजेचा उल्लेख नाही, मेलेल्या दहा लेकरांबद्दल एक अक्षर नाही. भरपाई येते, कबुली येत नाही.

३

या ग्रंथाचे मोठेपण कशात आहे, हे आपल्या वाचकांना फार समजावून सांगावे लागणार नाही. ईयोबाचे मित्र अलीफज, बिल्दद आणि सोफर सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसतात. तेवढेच त्यांचे चांगले काम. बोलायला लागल्यावर ते एकच सिद्धांत आळवतात: दुःख आहे त्या अर्थी पाप असलेच पाहिजे. बिल्दद तर आठव्या अध्यायात पोटच्या लेकरांवर घसरतो. तुझ्या मुलांनी पाप केले असेल, म्हणून ती त्यांच्या अपराधाच्या हवाली झाली, असे तो बापाच्या तोंडावर सांगतो. अलीफज बाविसाव्या अध्यायात पुराव्यावाचून आरोपपत्रच तयार करतो: तू उघड्यानागड्यांची वस्त्रे काढून घेतली असशील, तान्हेल्याला पाणी दिले नसशील. सिद्धांत वाचावा म्हणून माणूस दोषी ठरवायचा, ही ती रीत.

कर्मविपाकाच्या सिद्धांताने आपल्या पूर्वजांशी दुसरे काय केले? तू गावकुसाबाहेर आहेस त्या अर्थी मागल्या जन्मी पापी असलाच पाहिजेस. फरक एवढाच की, बिल्ददला पाप याच जन्मात शोधावे लागले, म्हणून ईयोब त्याला आव्हान देऊ शकला: दाखव, कुठे आहे माझे पाप? आपल्याकडे पाप मागल्या जन्मात नेऊन ठेवले होते. तिथे साक्षीदार नाही, उलटतपासणी नाही, अपील नाही. ईयोब जो खटला भरतो तो भरण्याची सोयच त्या व्यवस्थेने आधी काढून घेतली.

आणि निकाल? शेवटी देव मित्रांना सांगतो की तुम्ही माझ्याविषयी योग्य बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब योग्य बोलला. ज्याने देवाला अन्यायी म्हटले तो खरा, आणि ज्यांनी देवाची वकिली केली ते खोटे, हे एका धर्मग्रंथाने स्वतःच्या पानावर लिहून ठेवले आहे. एर्न्स्ट ब्लॉख या जर्मन मार्क्सवादी तत्त्वज्ञाने १९६८ साली ख्रिस्ती परंपरेतील नास्तिक्यावर पुस्तक लिहिले आणि त्यात ईयोबाला बंडखोर म्हणून उभे केले, ते उगाच नव्हे. वेदना, नकार आणि विद्रोह या शब्दांनी आपण ज्या साहित्याची ओळख करून देतो, त्याचा हा दूरचा पण सख्खा नातेवाईक आहे.

४

इथे मी थांबलो असतो. अनेक वर्षे थांबलोही होतो. पुढचा प्रश्न माझा नाही, माझ्या आईचा आहे. तिला वाचता येत नाही. एका सुट्टीत मी तिला पहिला अध्याय मराठीतून वाचून दाखवला. चार निरोपे येऊन गेल्यावर मला वाटले ती लेकरांबद्दल काही बोलेल. ती म्हणाली, 'आन् ते गडी? बैलामागचे, मेंढरामागचे? त्यांच्या आयांकडं निरोप घेऊन कोन गेलं?'

मी ग्रंथ पुन्हा उघडला. खरेच, पहिल्या तिन्ही निरोपांत जनावरांबरोबर गडी मेलेले आहेत. तरवारीने कापलेले, आगीत जळालेले, पुन्हा तरवारीने कापलेले. प्रत्येक वेळी एकच निरोप्या निसटतो आणि मी एकटाच वाचलो म्हणून सांगतो. मग शेवटचा हिशेब पाहिला. मेंढरे आहेत, उंट आहेत, बैल आहेत, गाढवी आहेत, लेकरे आहेत. गडी नाहीत. पहिल्या अध्यायात ईयोबाच्या वैभवाची यादी देताना त्याचे पुष्कळ दासदासी होते असे म्हटले आहे. शेवटच्या यादीत ते दुप्पट नाहीत, तितकेही नाहीत, मुळी यादीतच नाहीत. आणि ज्यांची भरपाई कुणाला करावीशीही वाटली नाही, त्यांच्या आया तर ग्रंथात कधी नव्हत्याच.

मला अधिक हलवले ते एका शब्दाने. मेलेल्या गड्यांसाठी मूळ हिब्रूत जो शब्द आहे तो 'नेआरीम', म्हणजे तरणी पोरे. चौथा निरोप्या ईयोबाच्या लेकरांविषयी सांगतो तेव्हा तोच शब्द वापरतो: घर 'नेआरीम'वर कोसळले. भाषांतरकार पहिल्या तीन ठिकाणी 'चाकर' लिहितात आणि चौथ्या ठिकाणी 'तरुण'. संदर्भ पाहता ते चूक नाही. पण निरोप्याच्या तोंडी दोघांना एकच शब्द आहे. मरताना ती सारी पोरेच होती. मालकाची कोण आणि चाकराची कोण हा भेद मागाहून, हिशेबाच्या वहीत पडला.

ईयोब स्वतः या बाबतीत कुठे उभा आहे? ग्रंथ इथे फार प्रामाणिक आहे, कारण तो दोन्ही बाजू दाखवतो. चोविसाव्या अध्यायात ईयोब भूमिहीनांचे चित्र काढतो, तसे चित्र प्राचीन वाङ्मयात क्वचितच सापडेल: अंगावर कपडा नाही, डोंगरच्या पावसात भिजत खडकाला बिलगून बसलेली माणसे; दुसऱ्यांच्या पेंढ्या वाहतात आणि स्वतः उपाशी, दुसऱ्यांचे द्राक्षकुंड तुडवतात आणि स्वतः तान्हेली. ऊस तोडून गुळाच्या खड्याला महाग झालेल्या माणसाला हा अध्याय परका वाटणार नाही. एकतिसाव्या अध्यायात तर तो म्हणतो की माझ्या दासाने किंवा दासीने माझ्याशी वाद मांडला आणि मी तो धुडकावला असेल, तर देवाला काय उत्तर देऊ? ज्याने मला पोटात घडवले त्यानेच त्याला घडवले ना? समतेची याहून स्वच्छ भाषा कोणती?

पण या दोहोंच्या मध्ये तिसावा अध्याय आहे. तिथे ईयोबाला दुःख याचे आहे की, आता हलकी माणसे त्याला हसतात. ज्यांच्या बापांना मी माझ्या कळपाच्या कुत्र्यांबरोबरही बसवले नसते, असे तो त्यांच्याविषयी म्हणतो. ही माणसे कोण? रानातली झुडपे आणि मुळे खाऊन जगणारी, चोर म्हणून ओरडत गावाने हाकलून लावलेली, दऱ्यांत आणि बिळांत राहणारी, नाव नसलेल्यांची पोरे. मित्रहो, ही आपली माणसे आहेत. ज्यांच्या कपाळावर जन्मतःच चोर असा शिक्का १८७१ च्या कायद्याने मारला, ती माणसे आहेत. ईयोब राखेत बसला, त्याच्या अंगात किडे पडले, तरी कोण कुत्र्याच्या पंगतीला बसण्याच्या लायकीचे आहे हे तो विसरला नाही.

पेरू देशातील मुक्तिधर्मशास्त्राचे प्रवर्तक गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी १९८६ मध्ये ईयोबावर पुस्तक लिहिले. ईयोब आपल्या दुःखातून गरिबांच्या दुःखापर्यंत पोचतो आणि त्याच्या देवाविषयीच्या बोलण्याला तिथे नवी दिशा मिळते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. चोविसाव्या अध्यायापुरते ते मला मान्य आहे. पण ग्रंथात चोविसाव्यानंतर तिसावा येतो, आणि तो वगळून वाचणे म्हणजे पुन्हा बड्या घरच्या दुःखालाच सर्वांचे दुःख म्हणणे होय. सहानुभूती आणि पंगत या निराळ्या गोष्टी आहेत. हा धडा आपण उदारमतवादी सवर्ण साहित्यिकांकडून पुष्कळदा शिकलो आहोत.

५

आता घरातल्या बाईकडे पाहू. ईयोबाच्या बायकोला हिब्रू ग्रंथात एकच वाक्य आहे. ती नवऱ्याला म्हणते, अजून आपली सचोटी धरून बसलास? देवाला शाप दे आणि मर. मूळ शब्द 'आशीर्वाद दे' असा आहे. देवाला शाप हा उच्चारही नको म्हणून तिथे उलटा शब्द घातलेला आहे. ईयोब तिला मूर्ख बायांपैकी एक ठरवतो आणि ती ग्रंथातून नाहीशी होते. दहा लेकरे तिनेही जन्माला घातली होती आणि तिचीही दहा गेली होती. दुसरी दहा कुणाच्या पोटी आली, हे ग्रंथ सांगत नाही. भरपाई ईयोबाच्या नावावर जमा होते. तिच्या कळा कुणाच्या खात्यात?

ही पोकळी जुन्या वाचकांनाही बोचली. ग्रीक भाषांतरात तिच्या तोंडी लांब भाषण घातलेले आहे. तिथे ती वाया गेलेल्या प्रसववेदनांविषयी बोलते, आणि दारोदार मोलमजुरी करीत फिरते, सूर्य कधी मावळेल म्हणून वाट पाहते, असे सांगते. 'ईयोबाचे मृत्युपत्र' या जुन्या ग्रीक ग्रंथात तिला सितीस हे नाव मिळते. ती भाकरीसाठी डोक्याचे केस विकते, आणि पडलेल्या घराखालून लेकरांची हाडे काढून द्या म्हणून विनवते. हाडे मागणारी आई! तिला नवी लेकरे नको होती, हीच हवी होती. त्या ग्रंथात ती मरते आणि दुसरी दहा लेकरे दुसऱ्या बायकोला होतात. मूळ ग्रंथाने टाळलेले सत्य त्या अनामिक लेखकाने बोलून दाखवले.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातली रिस्पा अशीच. शौल राजाची ती उपपत्नी. राजकारणाच्या सौद्यात तिची दोन मुले फासावर टांगली गेली. हंगामाच्या आरंभापासून पाऊस पडेपर्यंत ती गोणपाट अंथरून प्रेतांजवळ बसली आणि दिवसा पक्ष्यांना, रात्री श्वापदांना तिने हाकलले. तिला कोणी काही परत दिले नाही. पण तिच्या त्या बसण्याने दावीद राजाला हाडांची दखल घ्यावी लागली. हिब्रू शास्त्रात भरपाईच्या कथांच्या शेजारी ही कथाही आहे, हे विसरता कामा नये.

एक गोष्ट मात्र ईयोबाच्या शेवटाच्या बाजूने सांगितली पाहिजे. पहिल्या दहांपैकी कुणालाही नाव नाही. दुसऱ्या दहांतल्या मुलग्यांनाही नाही. नावे आहेत ती तीन मुलींना: यमीमा, कसीया आणि केरेन-हप्पूक, म्हणजे पारवा, दालचिनीसारखी सुवासिक साल, आणि काजळाची शिंगडी. आणि बापाने त्यांना भावांबरोबर वतनात वाटा दिला. गणनेच्या सत्ताविसाव्या अध्यायातला नियम असा की मुलगा नसेल तरच मुलीला वारसा. ईयोबाला सात मुलगे असून त्याने मुलींना वाटा दिला. मुली गमावल्यावर त्याला मुलीची किंमत कळली काय? ग्रंथ गप्प आहे. पण 'पोरगी नेली, पोरगा दिला' या हिशेबात वाढलेल्या माझ्यासारख्याला ती ओळ वाचताना मान खाली घालावी लागते. हिंदू कोड बिल रखडले म्हणून १९५१ साली मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांनी तरी ती ओळ सहज ओलांडून जाऊ नये.

मराठीत या ग्रंथाचे एक भाषांतर पंडिता रमाबाईंचे आहे. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले. आईबाप आणि बहीण दुष्काळाच्या भटकंतीत गेलेली, मग भाऊ गेलेला, १८८२ साली नवरा गेलेला, आणि १९२१ साली, स्वतःच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, एकुलती एक मुलगी मनोरमा गेलेली. ईयोबाचा शेवट मराठीत लिहिणाऱ्या त्या हाताला कोणती भरपाई मिळाली होती?

६

आपल्याकडे ईयोबाचा जुळा भाऊ म्हणजे हरिश्चंद्र. तिथेही पैज, तिथेही सत्त्वपरीक्षा, तिथेही मेलेले लेकरू. रोहिदास सर्पदंशाने मरतो, तारामती त्याचे प्रेत घेऊन स्मशानात येते, आणि तिथे डोंबाचा चाकर झालेला राजा तिच्याकडे कर मागतो. मग देव प्रकटतात, रोहिदास उठतो, राज्य परत मिळते. ईयोबाची लेकरे उठत नाहीत, हरिश्चंद्राचे उठते. इथे हिब्रू ग्रंथ अधिक सत्यवादी आहे. पण त्या डोंबाचे काय होते? मार्कंडेय पुराण सांगते की तो चांडाळ नव्हताच, तो वेष पालटून आलेला धर्म होता. म्हणजे सारी कथा ज्याच्या स्मशानात घडली त्या माणसाला शेवटी माणूस म्हणूनही राहू दिलेले नाही. ईयोबाचे गडी यादीतून गेले, हरिश्चंद्राचा डोंब देवात विरघळला. मंगल शेवट करण्यासाठी कुणाला तरी पुसावे लागते, हा दोन्ही संस्कृतींचा समान अनुभव दिसतो.

याच्या उलट बाजूला किसा गोतमी आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दुःखितांच्या सांत्वनाच्या प्रसंगांत तिची कथा घेतली आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरते. ज्या घरात कुणी मेले नाही अशा घरातून मोहरी आण, असे बुद्ध तिला सांगतो. मोहरी मिळत नाही. तिला कळायचे ते कळते. इथे पैज नाही, भरपाई नाही, मूल उठत नाही. आईची समजूत तिच्याच पायांनी चालून तिला मिळते. माझ्या मते दुःखाशी याहून प्रामाणिक व्यवहार नाही.

तरीही मी आईच्या प्रश्नाची सवय लागलेला माणूस आहे, म्हणून गोतमीलाही एक प्रश्न विचारतो. मरण प्रत्येक घरात आहे हे खरे. पण असे मरण प्रत्येक घरात आहे काय? ट्रॅक्टरखाली गेलेल्या तान्ह्या लेकराची आई ज्या घरात नाही त्या घरातून मोहरी आण, असे कुणी माझ्या आईला सांगितले असते, तर तिला पहिल्याच बागायतदाराच्या वाड्यात ओंजळभर मोहरी मिळाली असती. माझी बहीण अनित्यतेने मेली नाही. फडावर लेकरू ठेवायला जागा नव्हती म्हणून मेली. बाबासाहेबांनी धम्म मांडताना दुःखाचे नाते समाजातल्या अन्यायाशी जोडले, ते याचसाठी. त्यांची आणि रमाईंची पाचांपैकी चार लेकरे गेली. शेवटचा राजरत्न १९२६ साली. त्यानंतर काही महिन्यांनी, मार्च १९२७ मध्ये, ते महाडच्या तळ्यावर उभे होते. एकातून दुसरे निघाले असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो की त्यांनी नियतीकडे दुप्पट मागितले नाही, आणि सर्वांसाठी पाणी मागितले.

७

मग भरपाई नाकारायची काय? मुळीच नाही. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याखालचे १९९५ चे नियम पीडितांना किती अर्थसाहाय्य द्यायचे ते आकड्यांत सांगतात. तो पैसा हक्काचा आहे आणि पै न् पै वसूल केली पाहिजे. चोराने दुप्पट भरावे हे निर्गमाचे म्हणणे योग्यच आहे. पण भरणाऱ्याने आपण चोर आहोत हे आधी कबूल करावे. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भैयालाल भोतमांगे यांची बायको, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. ते एकटे निसटले आणि सांगायला उरले, ईयोबाच्या निरोप्यांसारखे. सरकारने त्यांना मदत दिली. उच्च न्यायालयाने २०१० मध्ये फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या, पण हा गुन्हा जातीमुळे घडला असे त्या निकालाने धरले नाही. भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये वारले. भरपाई आली, कबुली आली नाही. हे वाक्य मी वर ईयोबाच्या देवाविषयी लिहिले होते.

म्हणून समीक्षक म्हणून माझे निवेदन असे. ईयोबाचा ग्रंथ आपण वाचला पाहिजे, त्याच्या आक्रोशासाठी आणि देवाच्या वकिलांना खोटे ठरवणाऱ्या निकालासाठी. त्याचा शेवटही वाचला पाहिजे, पण तो हिशेब तपासणाऱ्याच्या नजरेने: कुणाची नोंद झाली, कुणाची राहिली. आणि उद्या आपल्यापैकी कुणी कथा-कादंबरी लिहिताना शेवटी सारे काही परत मिळवून देऊ लागला, तर त्याला आईचा प्रश्न विचारावा: आन् ते गडी?

राहिला प्रश्न माझा, म्हणजे दुसऱ्या दहांचा. ग्रंथ त्यांच्याविषयी काही सांगत नाही. आपल्या आधी दहा होती हे त्यांना कुणी सांगितले असेल काय? मला सांगितले गेले, आणि माझ्या जन्माचा उपयोग एका मरणाची पावती म्हणून झाला. बहिणीचे नाव कुठल्याही कागदावर नाही. घरी पाहणीला माणूस आला की आईला विचारतो, लेकरे किती? आई म्हणते, 'चार.' तो आम्हाला मोजतो आणि म्हणतो, 'तीनच दिसतात.' आई म्हणते, 'तीन हायेत. झाली चार.' तो 'हयात' या रकान्यात तीन लिहितो आणि पुढे जातो. मी तिथे उभा असलो तर त्याला थांबवतो आणि चार लिहायला लावतो. फॉर्मवर तसा रकाना नसतो. मग तो कडेला, समासात लिहितो.